‘खाडी’च्या यादीतली नववी ओळ

सरांच्या बॅलेचा शेवट नक्की काय होता, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. विचारणाऱ्याला वाटतं, हिच्याकडे वह्या आहेत, हिला माहीत असणार. वह्या आहेत. तीन आहेत, दोनशे पानी, लाल कापडी बांधणीच्या. कोणी कुठून आत यायचं, कुठून बाहेर जायचं, टोपल्या किती, सेफ्टी पिना कोणाकडे, सगळं त्यांत आहे. नाच तेवढा नाही.

आधी बॅले म्हणजे काय ते सांगते, कारण तेव्हाही प्रत्येकाला सांगावं लागायचं. भिवंडीत बॅले म्हटलं की लोक विचारत, “ते बोटांवर उभे राहतात ते?” तसलं काही नाही. संवाद नाहीत, गाणी नाहीत. ढोलकी आणि बासरीवर आठ-दहा मुली पाऊण तासात एक गोष्ट नाचून सांगतात, तो आमचा बॅले. सर तरुणपणी मुंबईत अशा मंडळींबरोबर गावोगाव नाचले, पुढे स्वतः बॅले बसवू लागले आणि साठी ओलांडल्यावर विधवा बहिणीच्या सोबतीला म्हणून भिवंडीत राहायला आले. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं त्यांनी इथे क्लास घेतला.

क्लास लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावरच्या माळ्यावर होता. खाली चोवीस लूम, वर आम्ही. लादी अशी थरथरायची, की पाण्याचा तांब्या खाली ठेवला तर पाण्यावर वर्तुळं उठायची. माझी मुलगी तिथे दोन महिने गेली आणि कंटाळली. मी सहा वर्षं राहिले. त्याचं कारण साधं आहे. मी शाळेत क्लार्क होते आणि हजेरीपट नसलेली जागा मला बघवत नाही. तिसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, “सर, एकूण मुली किती?”

“आज आल्यात तेवढ्या.”

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले.

सरांबरोबर काम करणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. ते काहीही लिहून ठेवत नसत. कॅसेट करू देत नसत, व्हिडिओ तर नाहीच. म्हणायचे, “कॅसेटवर नाच चिकटतो, मग तो हलत नाही.” कार्यक्रम परवावर आला तरी पावलं बदलायचे. मी म्हणायचे, “सर, परवा आहे हो कार्यक्रम.” ते म्हणायचे, “म्हणजे अजून दोन दिवस आहेत.” माझ्या यादीवर त्यांच्या रेघा असायच्या. मी व्यवस्थित अंक घालून लिहायचे आणि ते माझंच पेन मागून घेऊन मधली एखादी ओळ खोडायचे. पेनही परत देत नसत.

सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे ते मोजत नसत. जगातला कुठलाही नाचाचा मास्तर एक-दोन-तीन-चार म्हणतो. हे म्हणायचे, “खाली ऐका.” खाली चोवीस लूम, प्रत्येकाचा धोटा आपल्या वेगाने इकडून तिकडे, मला नुसता गोंगाट ऐकू यायचा. पण जिन्याजवळच्या कोपऱ्यात एक लूम जरा लंगडा होता. तो चार ठोके सरळ द्यायचा आणि पाचव्याला अडखळायचा. सरांना बरोबर तोच आवडला. मुलींना त्या अडखळण्यावर पाऊल उचलायला शिकवलं. पाऊल पडायच्या आधी अंग क्षणभर थांबायचं, जणू टाकू की नको असा विचार चाललाय. ढोलकीवालाही तिथेच बसून बसून तसंच वाजवायला शिकला. इतर क्लासच्या मुली ठोक्यावर पाय आपटायच्या. आमच्या मुली बघणाऱ्याला उशिरा आल्यासारख्या वाटायच्या. शाळेत शिक्षिका मला विचारायच्या, “तुमच्या मुलींना ताल कळत नाही का हो?”

सरांनी इथे बसवलेला मोठा बॅले एकच, ‘खाडी’. मिठागरात काम करणाऱ्या बायका, उधाणाची भरती, बांध फुटतो, पाणी आत येतं, पांढरं मीठ विरघळून जातं. सरांनी मिठागर बघितलेलंही नव्हतं. वळ गावच्या एका मुलीच्या आजीला बोलावून तासभर तिला मीठ ओढायची नक्कल करायला लावली. आजी नक्कल करताना हसत होती, सर मात्र तिच्या कमरेकडे बघत बसले होते. त्या कमरेतून अख्खा पहिला भाग निघाला.

‘खाडी’ची माझी यादी नऊ ओळींची होती. नववी ओळ होती, ‘सगळ्या बाहेर, उजवीकडून’. ती लिहिताना आमची बाचाबाची झाल्याचं मला आठवतं. मी विचारलं होतं, “शेवटी मुली कुठून काढायच्या?”

“काढायच्या कशाला? राहू देत.”

“राहू देत कसं? आपल्यानंतर दुसऱ्यांचा कार्यक्रम असतो. त्यांची माणसं मला उभी करायची असतात. पडदा ओढणारा माझ्या डोक्यावर बसतो.”

सरांनी हात उडवला. “लिहा तुम्हाला हवं ते.”

मी लिहिलं.

सात प्रयोग झाले. आठव्याच्या तालमी चालू असताना सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. क्लास बंद पडला. मुलींची एकेक करून लग्नं झाली. ढोलकीवाला सुरतेला गेला. माळ्यावर कापडाचे तागे ठेवू लागले.

त्यानंतर वर्षभराने एका मंगळवारी सरांच्या बहिणीचा फोन आला. रविवारी त्या सरांना घेऊन कोल्हापूरला पुतण्याकडे कायमच्या चालल्या होत्या. मी ही बातमी सरांच्या तिघी जुन्या मुलींना कळवली. नावं घेत नाही. आम्ही तेव्हाही त्यांना गावावरूनच ओळखायचो. वळची, म्हणजे त्या आजीची नात, गोदामात पॅकिंगला होती. मानकोलीचीच्या सासरची जमीन गोदामांना गेली होती आणि घरी सतत पाहुणे. काल्हेरची तिघींत चांगली नाचणारी. तिने नव्या इमारतींमधल्या मुलींचा क्लास सुरू केला होता आणि दिवाळीनंतर त्यांच्याकडून ‘खाडी’ करून घेणार होती.

काल्हेरची फोनवर म्हणाली, “काकी, मला शेवट येत नाही.”

“नाचलीस ना सात वेळा?”

“सातही वेळा सरांनी वेगळा करून घेतला. विंगेत येऊन कानात सांगायचे. त्यातला खरा कुठला? मी अकरा मुलींना काय शिकवू? सर गेले की संपलंच मग, विचारणार कोणाला?”

मी वही काढली. सातही प्रयोगांची पानं बघितली. सातही पानांवर नववी ओळ तीच. बाहेर, उजवीकडून.

म्हणून मी ठरवलं की सर जायच्या आधी तिघींनी त्यांच्यासमोर नाचायचं आणि शेवट विचारून घ्यायचा. यादी केली. माळ्याची किल्ली, हातांची खुर्ची, सरांना जिन्यावरून उचलायला दोन माणसं, तीन टोपल्या, पाणी. दिवस शुक्रवार घेतला. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात, खालचा मिस्त्री मोकळा असतो, माणसं मिळतात आणि मुख्य म्हणजे शांतता असते. सहा वर्षं त्या गोंगाटात घसा फोडून बोललेल्या बाईला शांततेचं केवढं अप्रूप! मी स्वतःवर खूश होते.

शुक्रवारी दुपारी तीनला सगळे हजर. वळची अर्धी रजा टाकून आली होती, मानकोलीची सासूला बँकेत जाते सांगून. तागे भिंतीला सरकवले. सरांना खुर्चीत बसवलं. ते खूप बारीक झाले होते, पण दाढी घोटलेली आणि नेहमीचा पांढरा झब्बा. त्यांनी तिघींकडे एकदा बघितलं आणि डावा हात थोडा उचलला. म्हणजे, करा सुरू.

तिघी जागा घेऊन उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“काकी, काय ऐकूच येत न्हाय,” वळची म्हणाली.

“कसं येईल? लूम बंद आहेत.”

“मंग उचलू कशावर पाय?”

मानकोलीची कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. “तुम्ही मुद्दाम बंद दिवस घेतलात? काकी, तुम्ही म्हणजे ना! लग्न ठेवायचं नि नवऱ्यालाच आमंत्रण न्हाय.”

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, “मी मोजते. एक, दोन, तीन, चार.” त्यांनी करून बघितलं. शाळेतली कवायत बरी, असं दिसत होतं. तिघी हुशार मुली, पण माझ्या आकड्यांवर त्यांची कंबर लाकडासारखी झाली. सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. वाचा गेलेल्या माणसाला एवढं स्पष्ट बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मी खाली गेले. मिस्त्री नमाजाहून येऊन बाकड्यावर चहा पीत बसला होता. मी त्याला म्हटलं, जिन्याजवळचा एक लूम तेवढा पाऊण तास चालवून द्या.

“भाभी, आज जुम्मा है. और लाइट भी तो चार बजे आएगी.”

“चारला चालवा. एकच. तो लंगडा.”

“वो?” त्याचा चेहरा खुलला. “वो लंगड़ा किधर रहा अब? उसको मैंने एकदम ठीक कर दिया. मक्खन चलता है.”

मी कपाळाला हात लावला. एवढ्या वर्षांत तो लूम कोणी दुरुस्त केला नाही, आणि नेमका आता केला.

“मग परत बिघडवा.”

“क्या?”

“पहले जैसा कर दो. पाऊण तासासाठी. वर सर आले आहेत.”

त्याने वर बघितलं. सरांना तो ओळखत होता. सहा वर्षं आमच्या पायांचा आवाज त्याच्या डोक्यावर आणि त्याच्या लूमचा आवाज आमच्या पायांखाली. चहा संपवून तो उठला. “बीस साल में पहली बार कोई मशीन बिगड़वाने आया है. पट्टा ढीला करता हूँ थोड़ा. मालिक को मत बोलना.”

चार वाजून गेले तरी लाइट आली नाही. मानकोलीची दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. “एवढा वेळ कुठली बँक चालू असते? सासू काय येडी हाय?” सव्वाचारला खालून दिवा लागल्याचा ओरडा झाला, मग घरघर, मग ठोके. चार सरळ आणि पाचवा अडखळलेला. लादी थरथरली. मी मान वर करायच्या आत तिघींचे पाय उचलले गेले होते.

इथे मला एक कबूल करायला हवं. सात प्रयोग आणि शेकडो तालमी झाल्या, पण मी ‘खाडी’ कधी बघितलाच नव्हता. मी कायम विंगेत, वही हातात, नजर दारावर: कोण आलं, कोण गेलं, टोपली परत मिळाली का. त्या दिवशी विंग नव्हती, म्हणून मी सरांच्या खुर्चीशेजारी ताग्यावर बसले आणि पहिल्यांदा समोरून बघितलं.

वळची मीठ ओढत होती आणि मला तिची आजी दिसली. हसणारी नाही, नुसती ती कमर, खाली वाकताना आधी जराशी मागे जाणारी. मग लक्षात आलं की मानकोलीचीही तशीच वाकते आणि काल्हेरचीही. पाऊल टाकण्याआधीचं ते थांबणं तिघींत सारखं होतं. वर्षभर तिघी तीन घरांत भाकऱ्या थापत होत्या, खोकी बांधत होत्या, पाहुण्यांना चहा देत होत्या, तरी ते त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. पाणी आत येतं त्या भागात त्या काहीच मोठं करत नव्हत्या. नुसते घोटे उचलून बघत होत्या. मला आपले पाय वर घ्यावेसे वाटले.

मग आला शेवट. मी आधीच सांगून ठेवलं होतं, एकेकीने आपापला करायचा, बरोबर असेल त्याला सर मान हलवतील.

वळची टोपली डोक्यावर घेऊन मागे न बघता निघून गेली. सरांनी मान हलवली.

“बघा!” वळची म्हणाली.

मानकोलीची टोपली तिथेच सोडून उलट्या पावली बाहेर गेली. सरांनी मान हलवली.

“म्हणजे माझा पण?” मानकोलीची.

काल्हेरची खाली बसली, ओंजळीतलं मीठ सोडत राहिली, मग हात झटकून गेली. सरांनी मान हलवली. अगदी तेवढीच.

“सर, एकच!” काल्हेरची त्यांच्या पायाशी येऊन बसली. तिच्या आवाजात आता रडू होतं. “एकच सांगा. मी मुलींना तिन्ही नाही शिकवू शकत. कुठला खरा?”

सरांनी परत मान हलवली.

मला वाटलं, आता मी ओरडते. त्यांच्यावर, तिघींवर, खालच्या मिस्त्रीवर. चार दिवस मी फोन करत होते, माणसं जमवली, चांगला चाललेला लूम बिघडवला आणि हा माणूस आपला सगळ्याला हो म्हणतोय. मी वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि नववी ओळ बोटाने दाखवली. “सर, हे बघा. इथे बाहेर जायचंय. कसं जायचं तेवढं सांगा. टोपली घेऊन, टोपली ठेवून की बसून उठून?”

त्यांनी वहीकडे बघितलं. मग डावा हात माझ्या खिशाच्या दिशेने आला. खिसा म्हणजे माझ्या पर्सचा बाहेरचा कप्पा, पेन तिथे असतं हे त्यांना माहीत होतं. मी पेन दिलं. त्यांनी ते मुठीत धरलं, जसं लहान मूल धरतं, आणि नवव्या ओळीवरून एक रेघ ओढली. वाकडी, सुरुवातीला जाड, शेवटी पानाबाहेर गेलेली. पेन स्वतःकडेच ठेवलं.

खाली लूम चालूच होता.

“म्हणजे?” मानकोलीची म्हणाली. “बाहेर जायचंच न्हाय?”

मला ती बाचाबाची आठवत होती. काढायच्या कशाला, राहू देत, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. बाहेर काढायच्या होत्या मला, पडदेवाल्यासाठी आणि पुढच्या कार्यक्रमासाठी. पुढचे सात प्रयोग ते बिचारे मुलींना बाहेर न्यायचं एखादं निमित्त शोधत होते आणि एकही त्यांना पटत नव्हतं. तिन्ही शेवट त्यांचेच होते, तिन्हींना मान हलवणं बरोबरच होतं. ती ओळच त्यांची नव्हती, माझी होती. मी हे तिघींना सांगितलं.

वळची म्हणाली, “काकी, तुमची पण कमाल हाय.”

काल्हेरची डोळे पुसत हसायला लागली. “एक वर्ष झोप नाही मला शेवटापायी! आणि शेवट कोणाचा, तर पडदेवाल्याचा.”

अर्थात शंका राहतेच. ती रेघ मुद्दाम ओढली की नुसता सवयीने हात चालला, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ते माझ्या कुठल्याही यादीवर रेघ ओढायचेच. पण काल्हेरचीला तेवढं पुरलं. रविवारी सर कोल्हापूरला गेले. माझं पेनही गेलं.

दिवाळीनंतर काल्हेरच्या त्या इमारतींच्या पटांगणात कार्यक्रम झाला. व्यवस्था अर्थात माझ्याकडे. काल्हेरचीने मुलींना ढोलकीवर तयार केलं होतं. मुलींनी लूम कधी ऐकला नव्हता, तरी पाऊल टाकायच्या आधी थांबत होत्या. पुढच्या रांगेतला एक बाप मोठ्याने म्हणाला, “थोड्या लेट पडतायत पोरी.” शेवटी पाणी आलं, ढोलकी थांबली आणि अकरा मुली घोटे किंचित उचलून तिथेच उभ्या राहिल्या.

लोकांना कळेना टाळ्या वाजवायच्या की नाही. सूत्रसंचालन करणारा माईकवर म्हणाला, “मुलींनो, आत या. धन्यवाद.” कोणी हललं नाही. माझ्यामागे मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप नऊवारी नेसून तयार होता. त्यातली एक माझा दंड धरून म्हणाली, “अहो, काढा ना त्यांना! आमचा गजरा सुकतोय.” वहीत त्यांची वेळ आठ दहाची होती आणि आठ दहा होऊन गेले होते. माझा जीव खालीवर होत होता, खोटं सांगत नाही.

“थांबा जरा,” मी म्हटलं.

“किती?”

“ते मला माहीत नाही.”

मुली उभ्या होत्या. मग दिवेवाल्यालाच कंटाळा आला असावा. त्याने दिवे घालवले.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला फोन लावला. सरांच्या बहिणीला म्हटलं, सरांच्या कानाला लावा. त्यांना सगळं सांगितलं: अकरा मुली, कोणी बाहेर गेलं नाही, कार्यक्रम वीस मिनिटं लांबला, लोक माझ्यावर चिडले. मग बहिणीने फोन परत घेतला.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“मान हलवतोय,” त्या आनंदाने म्हणाल्या.

मी बरं म्हटलं. त्या मान हलवण्यावर मी आता काही लिहून ठेवत नाही.